केराबाईचे सर

शेटे सरांच्या तावडीत मी पहिल्यांदा सापडलो तो आठवीत. हजेरी घेता घेता ते माझ्या नावावर थांबले आणि म्हणाले, "दिगंबर म्हणजे काय?" मी म्हणालो, "मी." वर्ग खदखदून हसला. सर हसले नाहीत. त्यांनी फळ्यावर एका बाजूला दिशा लिहिलं, दुसऱ्या बाजूला वस्त्र लिहिलं आणि दिशा हेच ज्याचं वस्त्र तो दिगंबर, असं सांगितलं. म्हणजे नागडा, हे मागच्या बाकावरच्यांच्या लगेच ध्यानात आलं आणि मग तर कुणाला आवरेनाच. सर शांतपणे म्हणाले, "हसा. पण चारी दिशा अंगावर घ्यायला छाती लागते. तुमच्यापैकी कुणाची आहे?" पुढं महिनाभर मला कुणी चिडवलं नाही. उलट मीच ऐटीत फिरलो.

पुढं त्याच शाळेत मी कारकून झालो आणि चोवीस वर्षं सरांच्या समोरच्या टेबलावर बसलो. म्हणून सांगतो, त्यांच्याबद्दल गावात जे बोललं जातं त्यातलं निम्मं मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे. उरलेलं निम्मं बहुतेक मीच पसरवलेलं आहे.

उंच माणूस, कपाळावर विभूतीच्या तीन रेघा, पांढरा सदरा आणि त्याच्या उजव्या बाहीवर कायम खडूची भुकटी. घराणं व्यापारी. चौसाळ्यात हमरस्त्याला त्यांचं किराणा दुकान, ते थोरला भाऊ बघायचा. रविवारी भाऊ जेवायला गेला की सर दुकानात बसत, आणि तेवढ्या तासाभरात भाऊ जेरीस येई. गिऱ्हाईक साखर मागायचं. सर ती तोलता तोलता सांगायचे की साखरेचं मूळ शर्करा, आणि शर्करा म्हणजे आधी बारीक खडे, वाळूतले कंकर असतात ना, ते. गोड अर्थ मागनं चिकटला. एक आजीबाई पिशवी परत टेबलावर ठेवून म्हणाली, "अप्पा, खडे आसतील तर नको बाबा, दात न्हाईत मला." भावानं त्या दिवशी सरांना हात जोडले.

"शब्द उघडा," हे त्यांचं पालुपद. म्हणताना दोन्ही तळवे असे जोडायचे आणि हळूच उघडायचे, जणू आत काही जिवंत आहे. शब्द त्यांना डबीसारखा वाटायचा. आत धातू, म्हणजे क्रियेचं मूळ; पुढं उपसर्ग, मागं प्रत्यय. हे पुस्तकातही आहे, पण पुस्तक वाचून कुणाला संस्कृत आलंय? सर पोरांना मैदानात न्यायचे. एकाला मधे उभं करायचे, तो 'हृ' धातू, म्हणजे नेणारा, हरण करणारा. बाकीच्यांच्या गळ्यात पुठ्ठ्यावर उपसर्ग. 'आ' येऊन धातूपुढं उभा राहिला की आहार, मग दोघांनी जेवल्याचं करायचं. 'वि' आला की विहार, दोघांनी हिंडायचं. 'उप' आला की उपहार, काहीतरी द्यायचं. 'प्र' आला की प्रहार. आमच्या वेळी 'प्र' झाला होता तालमीतला पोरगा, त्यानं प्रहार खराच केला. 'हृ'चं नाक फुटलं. सरांनी त्याच्या नाकाला स्वतःचा रुमाल लावला आणि वर्गाला म्हणाले, बघा, माणूस तोच, फक्त पुढं कोण उभं राहिलं त्यावर त्याचं काय होतं ते ठरलं. त्या 'हृ'च्या बापानं शाळेत येऊन सरांना काय काय ऐकवलं ते मी इथं लिहीत नाही.

धर्मापुरीच्या सहलीचीही तीच कथा. जुन्या देवळासमोर आम्हाला भूक लागलेली, डबे गाडीत, आणि सर सगळ्यांना देवळाच्या तळाच्या थराला हात लावायला लावताहेत. हा थर धातू. वरचं कोरीवकाम बघायला सगळे येतात, पण भार कुणावर आहे ते बघा. गावाचं नावसुद्धा 'धृ'वर उभं आहे, धृ म्हणजे धरून ठेवणं, त्यातनं धर्म, धरणी, आधार. एक मुलगी म्हणाली, "सर, आता आमाला कोण धरील, चक्कर यायलीय." तेव्हा कुठं डबे सुटले.

असा माणूस गावात असल्यावर बारशाची नावं त्याच्याकडं मागायला लोक येणारच. सरांकडं एक वही होती, तिच्यात नावं, आणि प्रत्येक नावासमोर त्याची फोड. पण नुसतं वहीतनं नाव काढून देत नसत. घरी जाऊन बाळ बघायचे, आई-बापाशी बोलायचे, मग ठरवायचे. चौसाळ्यातल्या तीस वर्षांखालच्या पोरांत हिंडून बघा, धृतिमान, ऋजुता, मेधावी, असली नावं शिंप्याच्या, वाण्याच्या, शेतकऱ्याच्या घरी सापडतील. आता त्या धृतिमानला त्याची आई पिंट्याच म्हणते, ते सोडा. सरांची स्वतःची मुलगी ऋतंभरा. तिला आम्ही सगळे रुतू म्हणायचो. सर एकटेच पूर्ण नावानं हाक मारायचे, आणि ती हाक ऐकली की कुणी मोठी बाई येणार असं वाटायचं.

नाव म्हणजे आईबापांनी लेकराला दिलेला पहिला आशीर्वाद, असं त्यांचं ठाम मत होतं. उजेडाचं नाव दिलं की रोज वीस माणसं त्या लेकराला उजेड म्हणणार, मग ते अंधारात कसं राहील? हे ते इतक्या विश्वासानं सांगायचे की ऐकणाऱ्याला पटायचंच. मलाही पटलं होतं. त्या विश्वासापोटीच पुढचा घोटाळा झाला, आणि त्यात माझाही हात होता.

शाळा सुरू व्हायच्या आधी आम्ही वस्त्या-वाड्यांवर पोरं शोधत हिंडायचो. पट भरायचा असतो, त्याशिवाय तुकडी टिकत नाही. कपिलधारच्या वाटेला माळावर मेंढपाळांचा वाडा बसला होता. वाडा म्हणजे जाळी लावून बसवलेला मेंढ्यांचा कळप आणि शेजारी त्यांची पालं. तिथं एक नऊ वर्षांची पोरगी कोकरं मोजत होती. बोटं न हलवता, नजरेनंच. सरांनी तिला विचारलं किती, तिनं सांगितलं, सरांनी मोजून बघितलं, बरोबर निघालं. तिची आई सुंद्राबाई चुलीपाशी होती. बाप मेंढ्या घेऊन लांब गेलेला. सरांनी अर्धा तास समजावल्यावर सुंद्राबाई म्हणाली, न्या, पण पाऊस उघडला की आमी निघणार. ते नंतर बघू म्हणून सरांनी अर्ज काढला. जन्मतारखेला आम्ही सगळ्यांना लावायचो तीच एक जून लावली. नाव विचारलं. ती म्हणाली, केराबाई.

सरांचा चेहरा पडला. तिथं ते काही बोलले नाहीत. वाटेत मोपेड थांबवली आणि मला म्हणाले, दिगंबर, केर म्हणजे कचरा. एवढ्या हुशार लेकराला आपण दहा वर्षं कचरा म्हणून हाका मारायच्या का? मी म्हणालो, नाही. खरं सांगतो, मलाही त्यात काही वावगं वाटलं नाही. वाटेतच त्यांनी नाव ठरवलं, सुमेधा. चांगली बुद्धी असलेली. शाळेत येऊन मी माझ्या सुवाच्य अक्षरात रजिस्टरला चढवलं.

पोरगी यायला लागली. सुमेधा म्हटलं की आधी इकडं तिकडं बघायची, मग हजर म्हणायची. तीन आठवड्यांत तिला ते नाव आवडायला लागलं होतं, हे मी सांगू शकतो, कारण पाटीवर ती तेच गिरवत बसायची. मग ती येईनाशी झाली. दोन मैत्रिणी चौकशीला वाड्यावर गेल्या आणि पालाबाहेरनं त्यांनी सुमेधा, सुमेधा म्हणून हाका मारल्या.

दुसऱ्या दिवशी सुंद्राबाई शाळेत आली. हातात काठी, पायात धुळीच्या वहाणा. ओरडली नाही, शिवी दिली नाही. ऑफिसच्या दारात उभी राहिली आणि सरांना विचारलं, ते नाव तुमी ठिवलं का. सर हो म्हणाले, वर नावाचा अर्थही सांगायला लागले. तिनं त्यांना बोलू दिलं. मग म्हणाली, "राजा, सोन्या, हिरा, लक्ष्मी. चांगल्या नावाची चार लेकरं झाली मला. चारीबी गेली. ही झाली तवा केरावर टाकली, दुसरीच्या हातानं उचलून घेतली आन् केरा म्हणलं. म्हणून राहिली. आज तीन दिस झाले तापानं फणफणायलीय. तुमी तिला कामून दाखवून दिलं सर?"

कुणाला दाखवून दिलं, ते तिनं सांगितलं नाही. सांगायची गरज नव्हती. ती वळली आणि गेली.

ही चाल मी ऐकून होतो. लेकरं जगत नसली की पुढच्याला दगडू, धोंडू, केरबा, उकंडा म्हणायचं; वाईट नावाकडं मरणाचं लक्ष जात नाही म्हणतात. माझ्या चुलत्यांचंच नाव दगडू होतं. आणि तरी अर्ज भरताना माझ्या डोक्यात ते आलं नाही. सरांना तर ते ठाऊकच नसावं, व्यापाऱ्याच्या घरात असली नावं कुठली? त्यांनी शब्द जन्मभर उघडून बघितले, पण हा एक न उघडता फेकून दिला. त्या दिवशी त्यांनी तास घेतला नाही. डबाही तसाच परत नेला.

संध्याकाळी चार वाजता मात्र ते शब्दकोशातनं डोकं वर काढून माझ्याकडं आले. तोंडावर उजेड. त्यांना सापडलं होतं. संस्कृतात केराला अवकर म्हणतात, धातू कॄ, म्हणजे विखुरणं. आणि किरण शब्दाचा धातूही तोच. केर विखुरतो, किरण विखुरतात. म्हणजे तिच्या नावात आपोआपच उजेड आहे, तिला हे सांगू, ती मानेल, चल. मी म्हणालो, सर, पोरगी तापलीय. ते म्हणाले, म्हणूनच चल.

वाड्यावर गेलो. पोरगी पालात घोंगडीवर पडलेली, ओठ सुकलेले, डोळे अर्धवट. सर पालाच्या तोंडाशी उकिडवे बसले आणि त्यांनी खरोखरच अवकर आणि किरण समजावून सांगायला सुरुवात केली. मला त्या क्षणी त्यांची लाज वाटली, हे आज लिहून टाकतो. सुंद्राबाई ओलं फडकं पोरीच्या कपाळावर ठेवत होती. मान वर न करता म्हणाली, "शब्दाचं तुमचं तुमी बघा सर. माजी पोरगी त्यात घालू नका."

सर मधेच थांबले. असं कुणी त्यांना कधी थांबवलं नव्हतं. मग उठले, मला म्हणाले, भावाला सांग, टेम्पो घेऊन ये. सुंद्राबाईला म्हणाले, "चूक माझी झाली बाई. तुम्ही जे म्हणाल ते करतो. पण आत्ता हिला दवाखान्यात न्यायचं, याला नाही म्हणू नका." तिनं फडकं पिळून बाजूला ठेवलं. मग म्हणाली, तितं नाव इचारतील. ते तुमी सांगायचं. आन् मोठ्यानं सांगायचं.

किराण्याच्या टेम्पोत, गुळाच्या ढेपी बाजूला सारून, पोरीला बीडला नेलं. केसपेपरच्या खिडकीवर बाईनं नाव विचारलं. सर खिडकीजवळ वाकले नाहीत. ताठ उभे राहिले आणि वर्गात म्हणतात त्या आवाजात म्हणाले, "केराबाई." आतल्या बाईला वाटलं चुकून ऐकलं, तिनं परत विचारलं. सर म्हणाले, "केर. झाडून टाकतात तो. केराबाई लिहा." रांगेतले दोघं-तिघं हसले. सुंद्राबाई भिंतीला टेकून उभी होती, तिनं पहिल्यांदा पदरानं तोंड पुसलं.

रक्त तपासलं, सलाईन लावलं, सहाव्या दिवशी पोरगी उठून बसली आणि शेवचिवडा मागितला. सुंद्राबाईच्या मते नावानं वाचली. डॉक्टरांच्या मते आणखी दोन दिवस उशीर झाला असता तर अवघड होतं. मी सरांना विचारलं, तुमच्या मते? सर म्हणाले, मी दोघांनाही नमस्कार केलाय, तू रजिस्टर आण. मी सुमेधावर तांबडी रेघ मारली, वर केराबाई लिहिलं, हेडमास्तरांची सही घेतली. मग परिपाठाला सगळ्या शाळेपुढं सरांनी स्वतः हजेरी पुकारली. केराबाई म्हटल्यावर पोरं हसली. सरांनी दुसऱ्यांदा पुकारलं. तिसऱ्यांदा पुकारलं. तिसऱ्यांदा कुणी हसलं नाही आणि ती जोरात हजर म्हणाली.

पाऊस उघडल्यावर वाडा निघाला, पण पोरगी चौसाळ्यात मावशीकडं राहिली. सुंद्राबाईनं जाताना सरांना एकच अट घातली. तिला कधी चांगलं म्हणायचं नाही. तोंडावर न्हाई, माघारी न्हाई. तेवढंच करा.

आता तुम्हीच बघा. जो माणूस पोरानं चौथीतला पाढा म्हटला तरी साधु साधु म्हणून पाठ थोपटायचा, त्याच्यावर ही अट. आणि पुढं पोरगी अशी निघाली की आठवीत आल्यावर वर्गात तीच एक शब्द उघडू शकायची. एकदा सरांनी विचारलं, अवि म्हणजे मेंढी, धातू अव्, म्हणजे राखणं. तर मेंढीला असं का म्हटलं असेल? मेंढ्या राखाव्या लागतात म्हणून, असं सगळे म्हणाले. केराबाई उठून म्हणाली, "न्हाई सर. आमी मेंढरं राखतो आसं लोक म्हणतेत. मेंढरंच आमाला राखतेत. दूध त्यांचं, घोंगडी त्यांची, वाट बी त्यांचीच." मी तेव्हा कसल्याशा सहीसाठी वर्गाच्या दारात उभा होतो. सरांच्या ओठांशी साधु साधु आलेलं मला दिसलं. त्यांनी ते गिळलं, फळ्याकडं तोंड केलं आणि म्हणाले, "बरं आहे. बस." आणि पाठमोरेच बराच वेळ काहीतरी पुसत राहिले. फळ्यावर काहीही लिहिलेलं नव्हतं.

दहावीला ती संस्कृतात पहिली आली. बरं आहे. बारावीनंतर जनावरांच्या दवाखान्याचा डिप्लोमा केला. बरं आहे. नोकरीला लागली, गावोगाव मेंढ्यांना लस टोचत हिंडते, पेढे घेऊन सरांकडं आली. सरांनी पेढा खाल्ला, बरं आहे म्हणाले, आणि ती गेल्यावर माझा दंड इतका गच्च धरला की दुसऱ्या दिवशी दुखत होता. शब्द पाळणं म्हणजे काय ते मी त्या दहा वर्षांत पाहिलं. मला ते जमलं नसतं.

सर निवृत्त झाले. इकडं रुतूचं लग्न होऊन सहा वर्षं झाली होती. तिला पहिलं मूल झालं, महिन्याचं होऊन गेलं. दुसरं अकरा दिवसांचं होऊन गेलं. पहिल्याचं नाव सरांनी चिरंजीव ठेवलं होतं. दुसऱ्याचं ठेवायच्या आधीच सगळं संपलं. या काळात सर दुकानात नुसते बसून असायचे. साखर तोलायचे, काही न बोलता पुडी द्यायचे. भाऊ मला म्हणाला, दिगंबरराव, काहीतरी बोलायला लावा हो त्याला, खडे म्हणाला तरी चालंल.

तिसऱ्या खेपेला मुलगा झाला. डॉक्टरकडं फेऱ्या, तपासण्या, लशी, यात सरांनी कसूर ठेवली नाही. लसीचं कार्ड ते सदऱ्याच्या खिशात घेऊन हिंडायचे. बारसं मात्र सव्वा महिन्यानं, माहेरीच करायचं ठरलं. सगळं नातं गोळा झालं. व्यापारी मंडळी, सोनं-नाणं घातलेल्या बायका, ओटीवर बसून नावाचे अंदाज बांधत होत्या. शेटे सरांचा नातू, म्हणजे नाव कसलं जोरदार असणार. इतक्यात फाटकातनं केराबाई आणि तिच्या मागं सुंद्राबाई आत आल्या. सुंद्राबाई पार वाकली होती. सर उठून पुढं गेले, तिला हात धरून ओसरीवर आणलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "तुमच्या रीतीनं करा. काही सोडू नका."

अंगण झाडलं होतं, तो केर कोपऱ्यात सारलेला होता. सुंद्राबाईनं सुपात फडकं घातलं, फडक्यावर बाळ ठेवलं, आणि सूप नेऊन त्या केरावर टेकवलं. रुतूच्या सासूबाईंनी डोळे मिटून घेतले. एक काका उठून म्हणाले, अप्पा, तुम्ही शिकलेले माणूस, हे काय चालवलंय? सरांनी त्यांच्याकडं पाहिलंसुद्धा नाही. ठरलं होतं तसं केराबाईनं पुढं होऊन बाळ उचललं, कुणाचं लेकरू म्हणून विचारलं, कुणाचंच न्हाई म्हणून सुंद्राबाईनं सांगितलं, आणि केराबाईनं ते रुतूच्या ओटीत घातलं. रुतू रडत होती. तिनं सरांना विचारलं, "अप्पा, लोकांना नावाचा अर्थ काय सांगू?"

"सांगायचाच नाही," सर म्हणाले. "केरबा म्हणायचं. त्यानं राहावं, एवढंच आपलं मागणं."

मला परळीची गाडी गाठायची होती म्हणून जेवून लगेच निघालो. फाटकाशी चपला घालताना मागं पाहिलं. ओसरीवर बायका भांडी आवरत होत्या, सगळे पांगले होते. सर एकटेच पाळण्यापाशी उभे होते, एका हातानं दोरी धरून, आणि रस्त्यापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात बाळाला हाक मारत होते, केरबा, ए केरबा, केरबा शेटे सरांचा. मी फाटक लावलं तरी थांबले नव्हते. दोन महिन्यांनी सर गेले. पोरगा यंदा बालवाडीत गेला.